तांबडी पट्टी, बदल नाही

५ ऑगस्ट

मामा,

पाया पडते. दुखरा गुडघा जरा बाजूला घे, नाहीतर मलाच टेंगूळ यायचं.

पोचल्यावर लगेच लिहिते म्हणाले होते आणि बारा दिवस उलटले. रागावला असशील. पण नव्या नोकरीत माणूस आधी जिना कुठला, मोरी कुठली, कोणाला साहेब म्हणायचं आणि कोणाला नुसतं हसायचं, यातच हरवतो. आता सापडले आहे.

कारखाना नळ्यांचा. लोखंडी नळ्या आधी ॲसिडच्या हौदात बुडवून गंज काढतात, मग पाण्यात खळबळतात, मग वितळलेल्या जस्तात घालतात. खळबळल्यावर उरलेलं पाणी मागच्या नाल्यात जातं. ते सोडण्याआधी तपासायचं, हे माझं काम. इथे मला सगळे पाणीवाली म्हणतात. पदवी घेतली, पहिला वर्ग मिळवला आणि शेवटी पाणीवाली झाले, तर हस आता पोटभर.

आणि तपासायचं कशाने, ऐक. तुझ्या लिटमस कागदाने. तुझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत सुट्टीभर परीक्षानळ्या धुवून घेतल्यास ना माझ्याकडून, त्याचं चीज झालं. दिवसातून पाच वेळा सोडायच्या पाण्याच्या हौदाशी जायचं, चिमट्याने तांबडी पट्टी धरायची, बुडवायची, बघायची, वहीत लिहायचं: तांबडी पट्टी, बदल नाही. पुढे सही. बोटांनी धरत नाही हं. तू मला चिमटी म्हणतोस ते नाव राखून आहे.

गोदामावरच्या खोल्यांत आम्ही चौघी मुली राहतो. शिस्त चांगली आहे. संध्याकाळी सातला फाटक बंद. पत्रंसुद्धा कचेरीतल्या बाई स्वतः टाकतात, आम्हाला बाहेर जायचा त्रास नको म्हणून. माझं अक्षर वळणदार आहे असं त्या परवा म्हणाल्या. मूळ प्रमाणपत्रं हरवू नयेत म्हणून कचेरीच्या कपाटात ठेवून घेतली आहेत, तू पालक म्हणून सही केलेल्या कागदाच्या शेजारी.

तुझं फिरणं चालू आहे ना? तुझ्याकडच्या दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
चिमटी


१२ ऑगस्ट

चिमटे,

बारा दिवस नाही, चौदा. मी मोजले आहेत, कारण मला दुसरं काम नाही.

पाणीवाली म्हणतात तर म्हणू देत. मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि पोरं मला बाटलीमामा म्हणायची. तुझ्या साहेबांनीच ते नाव पाडलं होतं, सातवीत असताना. मागच्या बाकावरचा, पण हुशार. म्हणून तर तुझ्यासाठी त्याच्याकडे शब्द टाकला. बाटलीमामाची भाची म्हटल्यावर त्याने एका पत्रात नोकरी दिली, ही त्याची माणुसकी.

आता कान इकडे कर. तांबडी पट्टी, बदल नाही, हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग. अगं, तांबडी पट्टी बदलते कशात? आम्लारीत. चुन्याच्या पाण्यात घातली तर निळी होईल. साध्या पाण्यात तांबडीच राहील, आणि ॲसिडमध्ये घातली तरीही तांबडीच राहील. जिथे ॲसिडचे हौद भरलेत तिथे तांबड्या पट्टीला विचारणं म्हणजे चोराच्या सख्ख्या भावाला चोर कोण ते विचारणं. निळीला विचार. दोन्ही बुडवायच्या, दोन्हींत बदल नाही तर पाणी उदासीन. हे तुला आठव्या वर्षी पाठ होतं. पहिला वर्ग काय नुसता गळ्यात अडकवायला घेतलास?

निळ्या पट्ट्या संपल्या असतील तर काळजी नको. सोबत मेणकागदात गुंडाळून वीस पाठवतो आहे. मी निवृत्त झालो तेव्हा दोन बाटल्या आपणहून माझ्या पिशवीत आल्या होत्या.

फिरणं चालू आहे. रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जातो. हे पत्रही आत्ता खाली जाऊन टाकणार.

मामा


२४ ऑगस्ट

मामा,

पट्ट्या मिळाल्या. कचेरीतल्या बाईंनी पाकीट फोडून हातात दिलं, आत रंगीत कागद कसले म्हणून विचारलं. पुस्तकात खुणेला घालते म्हटलं. साहेबही तिथेच होते. म्हणाले, निळ्याची इथे गरज नाही. पूर्वी पाण्यात चुना फार पडायचा, नाल्याला पांढरी साय यायची, तक्रार झाली होती. तेव्हापासून चुना जास्त झाला का तेवढंच बघायचं ठरलं, म्हणून तांबडी. छापील वहीत निळीचा रकानाच नाही.

आता चुन्याची पोती कुठे दिसत नाहीत, त्यामुळे कोठीत बरीच जागा झाली आहे. तिथे आम्ही धुवून आलेले कपडे वाळत घालतो.

तुझ्या पट्ट्या खुणेला छान आहेत. एक परत पाठवते आहे, बघ कशी दिसते. तुला रंगांची आवड आहे म्हणून.

मी मजेत आहे. थोडा खोकला आहे, चौघींनाही आहे, हवा बदलली की होतो. एक विचारू? तुझ्या पाकिटावर दर वेळी काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेला असतो. तू तर कागदाला डाग पडला की पोरांना उभं करायचास. या वयात सायकल शिकतो आहेस का?

तुझी,
चिमटी


३१ ऑगस्ट

चिमटे,

पट्टी बघितली आणि कपाळावर हात मारला. निळी पाठवली, तांबडी करून परत आली. घामाच्या बोटांनी धरलीस ना? खोटं बोलू नकोस. घाम आम्लधर्मी असतो, लिटमसला बोट लावायचं नाही, हे बाटलीवर मी स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं. पुस्तकात घालायची असली तरी चिमट्यानेच घालावी. पदवीधर पोरीला मी हे सांगतो आहे, माझ्याच नशिबाला हसावं लागतं.

साहेबाचं म्हणणं मला पटलं नाही, पण तो कारखाना चालवतो आणि मी बाटल्या धुतल्या. त्याला काहीतरी माहीत असेल. तू नवीन आहेस, उगाच तोंड चालवू नकोस. माझ्या शब्दावर लागली आहेस, हे ध्यानात ठेव.

ग्रीसचं म्हणशील तर खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. फिरून आलो की त्याच्या बाकड्यावर बसतो, गप्पा होतात, हाताला लागतं. खोकल्याला गरम पाण्याच्या गुळण्या कर.

मामा


९ सप्टेंबर

मामा,

मी मजेत आहे. कामात बदल नाही.

सोबत अजून दोन पट्ट्या. नीट बघ. तू बाटलीमामा आहेस.

चिमटी


१३ सप्टेंबर

चिमटे,

मागच्या पत्रात मी बोटांबद्दल लिहिलं ते चुकीचं होतं. कबूल करतो, आणि ते सोपं नाही, हे तुला माहीत आहे.

काल जेवण झाल्यावर एक निळी पट्टी मुठीत धरून बसलो ते चहापर्यंत. घाम येतच होता. कडेला जरासा जांभळट डाग पडला, बाकी निळीच. तुझ्या तिन्ही पट्ट्या लालभडक. मग भिंग काढलं. तिन्हींच्या टोकाला चिमट्याच्या दातांच्या दोन बारीक खुणा आहेत. तू बोट लावलंच नव्हतंस. मी स्वतःचे सगळे गुण कापून घेतले आहेत.

त्यानंतर तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली, अगदी पहिल्यापासून. अक्षर वळणदार आहे हे खरं. कोणालाही आवडेल असं. मला वाटतं तू बसून बसून आळशी झाली आहेस. पत्र टाकायला स्वतः जात जा, नाहीतर धुणं न्यायला कोणी येत असेल तर तिच्याबरोबर चार पावलं जा. पाय मोकळे होतात.

मी वाट बघतो आहे.

मामा


१७ सप्टेंबर

मामा,

हे पत्र आमचे कपडे धुवायला नेतात त्या मावशींनी टाकलं आहे. चादरींच्या गठ्ठ्यात घालून नेलं. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव, मागे लिहिला आहे. कचेरीतल्या बाई येणारं-जाणारं प्रत्येक पत्र वाचतात. तुला कळलं ते वाचून मी मोरीत जाऊन रडले. आनंदानेच, पण रडले.

आता सगळं सांगते. चुना बंद केला आहे. पाण्यात काहीही न घालता ते तसंच नाल्यात सोडतात. तुझी निळी पट्टी बुडवली त्या दिवशी सेकंद मोजायचीही गरज पडली नाही, पाण्याला टेकली तिथेच लाल. मी साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, वहीत जेवढं विचारलंय तेवढं लिहा. तांबडी बदलली का? नाही ना? मग खोटं कुठे लिहिताय तुम्ही? मामा, ते खोटं नाहीच. दिवसातून पाच वेळा मी खरं लिहिते आणि सही करते.

पहिली पट्टी जी तुला पाठवली ती मी पाण्यात बुडवलीच नव्हती. प्यायच्या पाण्याने ओली करून आमच्या खिडकीच्या दोरीवर लटकवली होती. दुसरी त्याच पाण्याने ओली करून बाटलीत घातली आणि बूच लावलं. सकाळी बाटलीतली निळी होती आणि दोरीवरची लाल. ॲसिडचे हौद बरोबर आमच्या खिडकीखाली आहेत. आम्ही चौघी तेच श्वासात घेतो. खोकला हवा बदलल्यामुळे नाही.

आणि मावशी. त्या नाल्याच्या खालच्या अंगाला धुतात. महिन्याभरापूर्वी मला विचारत होत्या, बाई, हल्ली साबणात काही बदललंय का, हात फार चुरचुरतात. मी बघितलं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी गेली आहे, नखं पिवळी पडली आहेत. मी त्यांना म्हटलं, साबण बदलून बघा. मामा, मी असं म्हटलं. खोलीत येऊन मला माझीच शिसारी आली. नंतर त्यांना खरं सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, मग तुम्ही रोज काय लिहिता?

आता मुख्य. तीस तारखेला सरकारी माणसं पाणी तपासायला येणार आहेत. बाई फोनवर बोलत होत्या ते कानावर पडलं: वही आहे, सही पाणीवालीची आहे, काही निघालं तर तिचं काम. म्हणजे मावशींचे हात माझ्या नावावर जाणार. मला त्याआधी निघायचं आहे. नोकरी सोडते म्हटलं तर म्हणाले, पालक स्वतः आल्याशिवाय मुलीला फाटकाबाहेर सामान नेता येत नाही, मुलींच्या सुरक्षिततेसाठी नियम आहे. प्रमाणपत्रंही पालकाच्याच हातात मिळतील. रोज फाटकापर्यंत जाऊन परत येते. पहारेकरी चांगला आहे, पण नियम म्हणतो.

मामा, तू ये. पालक म्हणून सही तुझी आहे. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझ्या शब्दावर लागले होते आणि तुझी मान खाली जाईल असं वाटलं. पण तू रोज फिरायला जातोस, तब्येत ठीक आहे, एक बस आणि तीन तासांचा रस्ता आहे. अठ्ठावीसपर्यंत ये. मी सामान बांधून ठेवलं आहे.

चिमटी


२२ सप्टेंबर

चिमटे,

तुझं पत्र काल आलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. आता लिहितोच, कारण न लिहून काही बदलणार नाही.

मी येऊ शकत नाही.

मी फिरायला जात नाही. दोन वर्षं झाली, या चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेलो नाही. मागच्याच्या मागच्या वर्षी जिन्यात पडलो, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. तास दीड तास तिथेच होतो. तुला कळवू नका म्हणून मीच सांगितलं, तुझी परीक्षा होती. तेव्हापासून तुझा दादा आणि वहिनी सकाळी कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जातात. संध्याकाळी सहाला तो येतो आणि उघडतो. तू यायचीस ती रविवारी, तेव्हा दार उघडंच असायचं. तो वाईट नाही. घाबरला आहे. मी पुन्हा जिन्यात जाईन आणि या वेळी कोणी बघणार नाही, असं त्याला वाटतं. मी पहिल्या आठवड्यात भांडलो, मग बंद केलं.

माझी पत्रं मी खिडकीतून टोपलीला दोरी बांधून खाली सोडतो. सायकलवाला ती काढतो आणि टाकून येतो. ग्रीसचा अंगठा त्याचा. मी कधीच त्याच्या बाकड्यावर बसलेलो नाही. वरून त्याच्या डोक्यावरचं टक्कल तेवढं ओळखतो.

तू विचारायचीस, फिरणं चालू आहे ना, आणि मी हो लिहायचो. मी तुला विचारायचो, मजेत ना, आणि तू हो लिहायचीस. छान चाललं होतं आपलं.

दादाला काल सगळं सांगितलं. तो म्हणाला, सुट्टी मिळणार नाही आणि चांगली लागलेली नोकरी कशाला मोडायला लावता. मी आवाज चढवला, त्याने चढवला, वहिनीने दूध उतू जातंय म्हणून दोघांना गप्प केलं. मग मी त्या कराराची माझ्याकडची प्रत शोधली. सही करताना वाचली नव्हती. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय बूच काढू नये म्हणून एकतीस वर्षं ओरडणाऱ्या माणसाने तुझ्या नोकरीचा कागद न वाचता सही केली. विद्यार्थी माझा होता ना.

आता वाचला. तू म्हणतेस तो नियम आहे. नोकरी सोडायची तर पालकाने स्वतः यायचं. पण त्याखाली तीन ओळी सोडून आहे: कामावरून काढून टाकल्यास कर्मचाऱ्याने त्याच दिवशी खोली रिकामी करावी, कारखाना जबाबदार राहणार नाही. तिथे पालक नाही, सही नाही, काही नाही. प्रमाणपत्रांबद्दलही एक अक्षर नाही.

मी हे दहा वेळा वाचलं. काय कर असं मी सांगणार नाही, कारण प्रमाणपत्रं गेली तर ती माझ्यामुळे गेली असं मला वाटेल, आणि तुला काही झालं तर त्याहून वाईट वाटेल. मला आयुष्यात एकच गोष्ट शिकवता आली. जे दिसेल ते लिहायचं, आणि दोन्ही पट्ट्या बुडवून लिहायचं. रकाना नसेल तर समासात लिहायचं.

मला माफ कर. सामान बांधून वाट बघत असशील, हा विचार मनातून जात नाही.

मामा


२८ सप्टेंबर, बसमध्ये

मामा,

हे टपालात टाकणार नाही, मीच घेऊन येते आहे. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. दोन वर्षं तू मला कोपऱ्यापर्यंतच्या गप्पा सांगितल्यास. मग मीही काय सांगितलं ते आठवलं आणि राग गेला. मग ते काढून टाकण्याचं कलम वाचलं आणि हसूच आलं. बाहेर पडायला तू लागतोस, हाकलायला कोणी लागत नाही.

पंचवीस तारखेपासून मी दोन्ही पट्ट्या बुडवायला लागले. रकाना नव्हता, समासात लिहिलं: निळी पट्टी लाल झाली. शेजारी पट्टीच चिकटवली. वहीची पानं शिवलेली आहेत, त्यांवर क्रमांक आहेत, एक पान काढलं तर दिसतं. पंधरा नोंदी, पंधरा पट्ट्या. तुझ्या सगळ्या तिथेच संपल्या, दोन उरल्या आहेत. शेवटी एक पानभर लिहिलं, की याआधीच्या माझ्या सगळ्या नोंदी फक्त तांबड्या पट्टीच्या आहेत, त्यांवरून पाण्यात ॲसिड नाही असं ठरत नाही, आणि हे मला माहीत असूनही मी महिनाभर गप्प होते. खाली सही केली.

आज सकाळी साहेबांनी बोलावलं. वही उघडी होती. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, बाटलीमामाला मान दिला म्हणून तुला घेतलं, हे त्याला कळलं तर काय वाटेल? मी म्हटलं, "शिकवण त्यांचीच आहे, साहेब. पट्ट्याही त्यांच्याच." मग मात्र ते उठले.

सामान खाली आलं तेव्हा पहारेकऱ्याने फाटक अडवलं आणि पालक कुठे म्हणून विचारलं. साहेब वरून ओरडले, जाऊ दे तिला, काढून टाकलंय. त्याने फाटक उघडलं आणि पेटी रस्त्यापर्यंत उचलून दिली. प्रमाणपत्रं मिळाली नाहीत. मागितली, तर बाईंनी कपाटाला किल्ली लावली आणि किल्ली पदराला बांधली.

वहीचं ते काय करतील ठाऊक नाही. म्हणून त्या पंधरा नोंदींची नक्कल काढून ठेवली होती. ती आणि हौदातल्या पाण्याची बूच लावलेली बाटली घेऊन मावशी आणि मी पाणी तपासणाऱ्यांच्या कचेरीत गेलो. कारकून आधी घेईना. मावशींनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. त्याने बाटली घेतली आणि पोच दिली. माझं नाव त्यात आहे. माझ्यावर काय येईल ते येईल, पण निदान खरं लिहिलेल्या कागदावर येईल. बाकीच्या तिघी अजून तिथेच आहेत. त्यांचे पालक लांब आहेत.

आता तुझं गाव जवळ आलं. तुझी गल्ली मला पाठ आहे, तुझं कुलूप मात्र माहीत नव्हतं.

चिमटी


त्याच दिवशी दुपारी, टोपलीतून

(वर)
मामा, खाली बघ. बाकड्यावर बसलेली मी आहे. दोरी ओढ, टोपलीत पत्र आहे, ते आधी वाच. चौथ्या मजल्यावर जाऊन दार बघून आले. मोठं कुलूप आहे.

(खाली)
वाचलं. दोनदा वाचलं. बारीक झाली आहेस, वरूनसुद्धा कळतं. दाराबाहेर तुझा खोकला ऐकला, मला वाटलं शेजारचे. हाक का मारली नाहीस? किल्ली दादाकडे आहे, तो सहाला येईल. सायकलवाल्याला कुलूप तोडायला सांगू नकोस, त्याच्यावर नको यायला. सोबत बिस्किटं आणि पाण्याची बाटली आहे. पाणी उकळलेलं आहे.

(वर)
हाक मारली असती तर तू दारापाशी धावत आला असतास आणि पडला असतास. बिस्किटं सादळली आहेत, तरी खाल्ली. आता दोन प्रश्न विचारते आणि दोन्हींची उत्तरं हवीत. एक, मजेत आहेस का? दोन, त्रास आहे का?

(खाली)
एक, नाही. दोन, हो. गुडघ्याचा सहन होतो. सकाळी किल्ली फिरते त्या आवाजाचा सहन होत नाही. तो आवाज झाला की दिवसभर मी माणूस आहे की कोठीतलं सामान, तेच कळत नाही. हे दादाला सांगितलेलं नाही. तूही भांडू नकोस त्याच्याशी.

(वर)
भांडणार नाही. तो म्हणेल बाबा पडतील, आणि ते खरंच आहे. मी त्याला फक्त दुसरा प्रश्न विचारणार आहे, बाबांना त्रास आहे का, तुझ्यासमोर. आणि मग तुला एका बाजूने मी धरणार, दुसऱ्या बाजूने तो, आणि आपण एक मजला उतरणार. चारही नाही, एकच. तिथे बसून दम घ्यायचा आणि परत वर यायचं. चप्पल घालून तयार राहा.

(खाली)
चप्पल कुठे ठेवली तेच आठवत नव्हतं. मोरीपासून गॅलरीपर्यंत सगळं पालथं घातलं. शेवटी कपाटाखाली मिळाली, तुझ्या लहानपणीच्या वह्यांच्या गठ्ठ्यामागे. चामडं वाळून कडक झालं आहे, अंगठा आत जात नव्हता, तेल लावून घातला. आत्ता पावणेचार झाले आहेत. घालून बसलो आहे.